खडखडाटातलं हॉटेल

"दोन मिसळ, एक उप्पीट, मिसळीला कट जादा," असं मी बेंबीच्या देठापासून ओरडले आणि अख्खं हॉटेल माझ्याकडं बघून हसायला लागलं. हसायला लागलं हे आपलं दात दिसले म्हणून म्हणायचं. त्यांचं हसणं मला ऐकू आलं नाही, आणि माझं ओरडणं चार पावलांवर भट्टीशी बसलेल्या आत्यापर्यंत गेलं नाही. तिनं फक्त माझा वासलेला जबडा पाहिला, झारा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

इचलकरंजीतला माझा तो पहिला दिवस. अनसूआत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची पाठची बहीण. नवऱ्यामागं तिनं एकटीनं ते हॉटेल चालवलं होतं, पण आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आबांनी मला तिच्याकडं पाठवलं. हॉटेल तरी कसलं, दोन माग-कारखान्यांच्या मधली बोळासारखी जागा. डावी भिंत एका कारखान्याची, उजवी दुसऱ्याची, वरचा पत्रा तेवढा आत्याचा. दोन्हीकडं माग चालायचे, खटॅक खटॅक, आणि त्यात धोटा इकडून तिकडं फेकला जायचा त्याचा दणका वेगळाच. फळीवरचे ग्लास एकमेकांवर किणकिणत असणार, पण ते नुसते हलताना दिसायचे. बशीतल्या चहावर कायम बारीक सुरकुत्या. पाटीबिटी काही नव्हती. तरी गावात कुणी परका माणूस 'बरं खायला कुठं मिळंल हो' म्हणून विचारायला लागला की रिक्षावाले त्याला सांगायचे, "अनसूबाईकडं जावा. पर काय पायजे ते हितंच ठरवून जावा. तिथं इचाराइचारी चालत न्हाई."

संध्याकाळी घरी गेल्यावर आत्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "हॉटेलात येताना कान घरी ठेवून यायचं, सुगे. डोळं तेवढं आण."

मग मी शिकले. मूठ हवेत ढवळली की मिसळ. तळहातावर चिमूट सोडली की उप्पीट. तळहातावर मूठ दाबली की वडा, आणि त्यावर मनगट कलतं केलं की तिखट रस्सा ओतलेला कटवडा. तोंडापुढं वारा घातला की तिखट बेतानं, पण तसं करणाऱ्याची पुढं आठवडाभर थट्टा व्हायची, म्हणून डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी वारा घालत नसे. आणि करंगळी म्हणजे चहा. आता शाळेत करंगळी कशासाठी दाखवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या गिऱ्हाइकानं करंगळी दाखवल्यावर मी त्याला मागचं दार दाखवलं. तो बिचारा उठून गेलासुद्धा, बघून आला, आणि परत बसून त्यानं परत करंगळी दाखवली. ही गोष्ट त्या पेठेत अजून सांगतात.

मला वाटलं होतं, ही सगळी हातवाऱ्यांची भाषा खाण्यापुरती असेल. मिसळ, पाव, चहा, संपलं. पण डोळे सरावत गेले तसतशी मी चाटच पडले. ती माणसं सगळं बोलत होती. कुणाच्या बायकोला दिवस गेलेत, कुणाचा सासरा भांडून गेला, कुठल्या मालकानं नवे माग आणले, काल पिक्चरमध्ये हिरोनं कुणाला कसं लोळवलं. आण्णासो म्हणून एक होता, पैलवानी देहाचा, गालाला टेकतील एवढ्या मिशा. त्यानं एकदा दारात उभं राहून म्हैस अडली कशी, रात्रभर तो आणि त्याची बायको कशी झटली, रेडकू बाहेर आलं तेव्हा कसं निपचित पडलं होतं आणि मग त्यानं कान कसा हलवला, हे सगळं सांगितलं. रेडकानं कान हलवला तेव्हा आतल्या बाकावरचा म्हातारा डोळे पुसत होता. एवढी माणसं एका वेळी बोलतात आणि कुणाचं बोलणं कुणाला आडवं जात नाही, असं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी मधल्या सगळ्यांच्या डोक्यावरनं गुजगोष्टी करायचा. घरी मी फार बडबडी म्हणून आई वैतागायची. इथं मी महिनाभर नुसती बघत राहिले. देवळात गेल्यावर कसं होतं, तसं मला व्हायचं.

नावं हाक मारायला उपयोगाची नव्हती, म्हणून प्रत्येकाची खूण होती. मिशीला पीळ दिला की आण्णासो. कमरेवर मूठ ठेवली की आत्या. माझी खूण ठरली डोळ्याखाली बोट, कारण मी सारखी डोळे फाडून बघत असायचे. ती खूण पाडली परसूनं.

परसू म्हणजे परशराम सातपुते. आमच्या उजव्या भिंतीपलीकडं चार माग चालवायचा. किडकिडीत, सावळा, केसांत कायम कापसाचे तंतू. तो आत आला की बाकावरची माणसं जागा करून बसायची, कारण आता करमणूक आहे हे ठाऊक असायचं. त्याच्यासारख्या नकला करणारा माणूस मी पाहिला नाही. एक सूत तुटलं तर मालकाचा जीव कसा तुटतो, हे तो दाखवायचा. वीजबिल बघून मालक कसा बसतो, मग कसा उठतो, मग देवाकडं कसा बघतो. आत्या चहाचं पातेलं उतरवताना कण्हते कशी, हे त्यानं एकदा तिच्या पाठीमागं दाखवलं आणि आत्यानं वळून त्याला उलथनं दाखवलं. हसून हसून आण्णासोच्या मिशीला कट लागला.

त्या सगळ्यांत तो माझ्याशी वेगळं बोलायचा. सगळ्यांशी मोठ्या हातांनी, माझ्याशी छोट्या. छातीपाशी, बोटांतल्या बोटांत. त्याच्या आईला गावाकडं परड्यात मोगरा लावायचा आहे, पण शेजारणीची शेळी ठेवत नाही. त्याला नदीत पोहायला आवडतं. मागावर उभं राहून तो दिवसभर काय विचार करतो. मीही सांगायचे. आई गेल्यावर घर कसं झालं होतं, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. तोंडानं सांगायला गेले असते तर रडले असते. हातांनी सांगितलं तेव्हा नीट पूर्ण सांगता आलं.

दिवाळीच्या अलीकडं एकदा त्यानं चहा मागवला. बशीत ओतला, अर्धा प्याला आणि उरलेली बशी माझ्याकडं सरकवली. सगळ्या हॉटेलासमोर. हात सगळ्यांचे जागच्या जागी थांबले. मी बशी उचलली आणि पिऊन टाकली. भट्टीशी बसलेल्या आत्यानं माझ्याकडं बघितलं, परसूकडं बघितलं, आणि आबांना निरोप धाडला.

निरोप धाडण्याची घाई होती, कारण माझ्यासाठी जयसिंगपूरचं स्थळ आलेलं होतं. मुलगा सोसायटीत कारकून, घरची थोडी शेती. आबांनी 'पुनवेपर्यंत कळवतो' म्हणून शब्द दिला होता. मला त्या कारकुनाबद्दल काही तक्रार नव्हती, पण परसूशिवाय कुणाचं नाव काढलं तरी मी तिथून उठून जायचे.

आबांचा उलटा निरोप आला. "बघतो त्याला. पण त्या खडखडाटात नव्हं. माग बंद असत्यात त्या दिवशी येतो. माणूस बोलल्याबिगर कळत न्हाई."

आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असायची. त्या दिवशी आत्या हॉटेलही उघडत नसे, आम्ही दोघी घरी मसाला कुटत बसायचो, परसू आईकडं गावी जायचा. म्हणजे माग बंद असताना हॉटेल कसं असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आत्या म्हणाली, "बरं, उघडू त्या दिवशी." आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आबा हो म्हणतील की नाही याची धाकधूक होतीच, पण त्याहून मोठी उत्सुकता वेगळी होती. आता परसूचा आवाज ऐकायला मिळणार होता. मी मनातल्या मनात त्याला एक आवाज देऊनही टाकला होता, जरासा जाड, हसताना फाटणारा.

त्या सकाळी हॉटेलाचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं माझे कान गेले. मग माझ्याच बांगड्या वाजल्या. नळाचा थेंब पडला तो ऐकू आला. दाराच्या बिजागरीची करकर, पत्र्यावरच्या कावळ्याची नखं. कधी न ऐकलेले आवाज एकेक करून माझ्याकडं येत होते आणि मी दारात उभी. एवढंसं हॉटेल, मला ते तोवर केवढं तरी मोठं वाटायचं. चहा गाळून बशीत ओतून बघितला तर त्यावर एकही सुरकुती नाही, निवांत पडलेला.

बघाबघीचा कार्यक्रम म्हटल्यावर पेठेत राहवतंय कुणाला. सुट्टी असून आण्णासो आला, बरोबर आणखी दोघं-तिघं. आण्णासो बाकावर बसला आणि म्हणाला, "मावशी, च्या टाका."

मी चमकून बघितलं. एवढा मोठा देह, एवढ्या मिशा, आणि आवाज शाळकरी पोरीसारखा बारीक. माझं तोंड उघडं राहिलेलं बघून तो म्हणाला, "काय गं, पयल्यांदा बघतीस व्हय मला?"

"ऐकतेय पहिल्यांदा," मी म्हटलं.

"तुजा बी आवाज आजच ऐकला बघ. मी आपला घोगरा धरून चाललो होतो."

शेजारचा म्हणाला, "आण्णा, कायबी म्हण, कटवडा खावा तर स्टँडामागच्या गाड्यावर."

"आणि भडंग मळ्याकडच्या बाईचं," आण्णासो म्हणाला. "उप्पीट तर आमच्या वाटंवरच्या उडप्याच्या हॉटेलात. हितलं उप्पीट म्हंजे भिंतीला लावाय बरं."

आत्या भट्टीवरनं सावकाश वळली. "इतकी वर्सं हितं बसून हेच बोलत होतासा व्हय रे?"

"तुमची पाठ असायची की," आण्णासो म्हणाला. मग जरा वरमून, "मिसळीला मात्र तुमच्या तोड न्हाई. त्यासाठीच तर येतो."

तेवढ्यात आबा आले. आबा हेडी होते, म्हणजे बैलांच्या बाजारातले दलाल. बोलणं मोजकं. त्यांच्या धंद्यात बोलून काम होतच नाही. विकणारा आणि हेडी खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असोत, कुणाला कळत नाही. आणि टॉवेलाखाली जे झालं ते टॉवेलाखालीच राहतं, आईला सांगायचं नाही की भावाला सांगायचं नाही. आबांचा तो खाक्या जन्मभर होता. येऊन बाकावर बसले, पाणी प्याले, भोवती बघितलं आणि म्हणाले, "कुठाय?"

परसू दारातच होता. धुतलेला सदरा, केसांत आज तंतू नव्हते. तो आत आला तसे आण्णासो आणि मंडळी बोलायची थांबली आणि त्यांचे हात वर झाले. ये, बस, घाबरू नकोस, असं हातांनी चाललं. मला वाटलं, सवयीचा परिणाम.

परसूनं वाकून आबांच्या पायांना हात लावला आणि समोर बसला.

"नाव काय आपलं?" आबांनी विचारलं.

परसूनं आबांच्या ओठांकडं बघितलं, मग हात जोडले आणि स्वतःची खूण, केसांतला कापूस झटकल्याची, करून दाखवली.

आत्या म्हणाली, "परशराम. परशराम सातपुते."

"त्यालाच सांगू दे की अनसू," आबा म्हणाले.

नळाचा थेंब पडत राहिला. मी फळीमागं उभी, आणि मला परसूचा असा राग आला म्हणता. नकला करायची ही वेळ आहे का. मी त्याला छोट्या हातांनी खुणावलं, बोल की. त्यानं माझ्याकडं गोंधळून बघितलं. मग गळ्याला बोट लावलं आणि हात हलवला. नाही. जसं एखाद्याला ठाऊक असलेली गोष्ट परत सांगावी तसं, अगदी सहज.

आण्णासो आपल्या बारीक आवाजात म्हणाला, "त्याला बोलाय येत न्हाई, आबा. ऐकाय बी येत न्हाई. ल्हानपणी ताप डोस्क्यात गेला."

आबांनी ग्लास खाली ठेवला. "अनसू, मला बोलली न्हाईस तू."

"तुझ्या पोरीनं सांगितलं असंल म्हनून," आत्या म्हणाली. "रोज त्याच्याशी तासन्‌तास बोलतीया ती, मी नव्हं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "सुगे, सांगितलं न्हाईस?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

एवढं बोलून झालं आणि सगळे माझ्याकडं बघत राहिले. चेष्टा करतेय की काय असं. आण्णासोला तर खरंच कळेना. "आगं पर त्यात सांगायचं काय?" तो म्हणाला. त्यानं काही लपवलं नव्हतं. कुणीच लपवलं नव्हतं. त्या हॉटेलात कुणालाच ऐकू येत नव्हतं आणि कुणीच बोलत नव्हतं, त्यात एकाला सुट्टीच्या दिवशीही ऐकू येत नाही ही काय मुद्दाम सांगायची गोष्ट आहे, असं त्या सगळ्यांना मनापासून वाटत होतं. मला या माणसांचा रागही आला आणि त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं.

पण परसूनं माझे ओठ वाचले होते. मला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी अजून विसरलेली नाही. इतके महिने तो समजून होता की मला ठाऊक आहे. ठाऊक असूनच मी बोलते, ठाऊक असूनच मी ती बशी उचलली. आता ते सगळं त्याच्या डोळ्यांदेखत खोटं झालं होतं, आणि तेही माझ्या बापासमोर. तो उठला. आबांना नमस्कार केला, आत्याला केला. माझ्याकडं न बघता दाराकडं वळला.

"सुगंधा," आबा म्हणाले. "जयसिंगपूरला काय कळवू?"

मी तोंड उघडलं. सगळे ऐकत होते, आणि मी जन्माची बडबडी, मला शब्द सापडेना. काय सापडणार? आबांना जे सांगायचं ते मी तोंडानं सांगितलं असतं तर ते परसूला कळलं नसतं. त्याची पाठ होती. त्याच्याबद्दल त्याच्या पाठीमागं बोलल्यासारखं झालं असतं, आणि तसं आमच्यात आजवर एक अक्षर झालं नव्हतं. आण्णासोचा आवाज मला आज कळला होता आणि त्यानं आण्णासो तसूभर जास्त कळला नव्हता. परसूचं मात्र मला सगळं ठाऊक होतं, मोगऱ्यापासून शेळीपर्यंत. ज्याला मी माझी आई सांगितली त्याचं आणखी काय ऐकायचं बाकी होतं?

मी फळीमागनं पळत बाहेर आले आणि दारात त्याच्या पुढ्यात उभी राहिले. छोट्या हातांनी नाही, मोठ्या हातांनी, सगळ्यांना दिसेल असं सांगितलं. बैस. माझं बोलणं अजून संपलं नाही. तुझंही संपलं नाही.

तो हलला नाही. मी परत सांगितलं. बैस. मग मी आबांकडं वळले आणि तेच हात त्यांना केले. आबांना आमच्या खुणा येत नव्हत्या. पण पोरीचे हात कुणासाठी चाललेत आणि ती कुणाला जाऊ द्यायला तयार नाही एवढं कळायला खुणा यायला लागत नाहीत.

परसू येऊन समोर बसला. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि आपल्या उजव्या हातावर टाकून हात पुढं केला.

आण्णासो बसल्या जागी ताठ झाला. त्या भागात टॉवेलाचा अर्थ शेंबड्या पोराला कळतो. पण जावयाला कुणी टॉवेलाखाली घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आत्या हातातला झारा तसाच धरून उभी. दूध उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं, कुणी वळलं नाही. परसूनं माझ्याकडं एकदा बघितलं, सदऱ्याला तळहात पुसला आणि हात टॉवेलाखाली घातला.

बाजारात मी टॉवेल पाहिलेला होता. दोन्हीकडची बोटं ओढाताण करतात, टॉवेल उसळत असतो. हा टॉवेल जरासा हलला आणि मग हललाच नाही. आबांचा चेहरा बाजारात कधी काही सांगत नसे, तसाच होता. परसूचाही. एवढे सगळे जण बघत होतो आणि त्या पिवळट फडक्याखाली माझ्या आयुष्याचं काय चाललंय ते त्या दोघांशिवाय कुणाला कळत नव्हतं.

शेवटी आबांनी हात काढला. टॉवेल खांद्यावर टाकला, टोकानं तोंड पुसलं.

"अनसू," ते म्हणाले, "जयसिंगपूरला न्हाई म्हनून कळव. आणि मिसळ आण की, सकाळधरनं पोटात काय न्हाई."

आत्यानं मूठ हवेत ढवळून माझ्याकडं खूण केली आणि मी दोन ताटल्या भरल्या. एकीला कट जादा. आबांना तिखट सोसलं नाही, पण तोंडापुढं वारा घालायचा नसतो हे कुणी न सांगताच त्यांनी घातला नाही.

आमचं लग्न झालं. पुढं आत्या गेली आणि हॉटेल आमच्या दोघांवर आलं. परसूनं माग सोडला, भट्टी घेतली, आणि उप्पीट भिंतीला लावायचं राहिलं नाही एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. परका माणूस आला तर रिक्षावाले अजून आमच्याकडंच आणून सोडतात. आबा दर सणाला यायचे, जावयाशेजारी बसायचे. दोघांचं काय चालायचं कुणास ठाऊक, पण तासन्‌तास चालायचं. मी आबांना कितीदा तरी विचारलं, त्या दिवशी टॉवेलाखाली काय विचारलंत? ते म्हणायचे, "सौदा सांगायचा नसतो." परसूला विचारलं तर तो आबांकडं बोट दाखवायचा.

आबांचं तेरावं झालं आणि आम्ही हॉटेल उघडलं. दोन्ही भिंतींपलीकडं माग चालू होते, खटॅक खटॅक. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. परसू ग्लास पुसत उभा होता. मी त्याच्यापुढं जाऊन टॉवेलाची खूण केली. आता सांग म्हटलं.

त्यानं ग्लास फळीवर ठेवला. हात पुसले. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग उजवा हात पुढं करून आबांचा हात करून दाखवला. बोटं थरथरत होती. अशी थरथरत होती की मला बघवेना. मग त्यानं आपला दुसरा हात आणला, त्या थरथरत्या हातावर ठेवला, आणि तसाच धरून उभा राहिला.

आबांनी काही विचारलंच नव्हतं. त्यांचा हात कापत होता. तो थांबेपर्यंत यानं धरून ठेवला होता.